आजीच्या ट्रंकेतली हगादा, तिच्यावरचे डाग, आणि हिब्रू पुस्तक बघायचं कसं

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यातलं एक बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंचं, घर, आजी गेल्यावर तिची ट्रंक उघडली तर साड्यांच्या खाली पुण्यात छापलेली जुनी हगादा, म्हणजे वल्हांडणाच्या (इजिप्तच्या गुलामीतून सुटल्याच्या आठवणीच्या सणाच्या) रात्री वाचायचं पुस्तक, निघाली, हिब्रू आणि मराठी दोन्ही, शिवण सुटलेली, पानांवर तपकिरी डाग. नात विचारतेय की डाग काढून, नवीन बाइंडिंग करून नीट चकाचक करून घ्यावी का. आणि जोडीला असंही विचारलंय की आमच्यात मूर्ती नाही, चित्रं चालत नाहीत असंच लहानपणापासून ऐकलंय, मग लोक हिब्रू हस्तलिखितं सुंदर म्हणतात ते नेमकं कशाला?

मी २८ वर्षं जुन्या कागदांची दुरुस्ती करते, पोथ्या, मोडी दफ्तरं, फारसी, आणि गेली पंधराएक वर्षं हिब्रू सुद्धा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर घाईचं आहे म्हणून आधी देऊन टाकते: डाग काढू नका, बाइंडरकडे नेऊ नका, आज काहीच करू नका. धुतलेल्या मऊ सुती फडक्यात गुंडाळा, आडवी ठेवा, बास. का ते खाली सांगते, पण त्यासाठी आधी दुसऱ्या प्रश्नात शिरावं लागेल.

हिब्रू पुस्तकात चित्र शोधायच्या आधी रेघ शोधा. सेफेर तोरा, म्हणजे सिनेगॉगमध्ये, ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, हेखलात म्हणजे पवित्र कपाटात ठेवलेली तोराची, मोशेच्या पाच ग्रंथांची, गुंडाळी, ती लिहिणारा सोफेर चर्मपत्राला आधी शाई लावतच नाही, तो बोथट टोकाच्या अवजारानं नुसत्या दाबून रेघा ओढतो. आणि मग अक्षर लिहितो ते त्या रेघेवर बसवत नाही, रेघेला टांगतो. इंग्रजी अक्षराला रेघ पायाशी लागते, हिब्रूला डोक्याशी. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, आपण पहिलीपासून अक्षरं टांगतच आलोय, फक्त आपली शिरोरेषा शाईची असते आणि उघड दिसते, त्यांची चामड्यात दबलेली असते आणि एका बाजूनं आडवा उजेड टाकला की मग उमटते. मी पहिल्यांदा अंधाऱ्या खोलीत छोटा दिवा टेबलाच्या पातळीला धरून असं पान बघितलं तेव्हा सगळ्या रेघा एकदम वर आल्या, एकसारख्या, आणि त्यांना लोंबकळणारी काळी अक्षरं, मी बराच वेळ दुसरं काही बघितलंच नाही.

तोरात ३,०४,८०५ अक्षरं मोजलेली आहेत. एक जरी गळलं, एक जरी जादा झालं, किंवा दोन अक्षरं एकमेकांना चिकटली तरी ती गुंडाळी वाचनाला चालत नाही, प्रत्येक अक्षराच्या चारी बाजूंना कोरं चामडं असलंच पाहिजे. शब्द लिहिण्याआधी सोफेर तो तोंडानं म्हणतो. सात अक्षरं अशी आहेत की ज्यांच्या डोक्यावर तीन-तीन बारीक काड्यांचे मुकुट काढायचे. एक गुंडाळी व्हायला वर्ष-सव्वा वर्ष सहज जातं. चूक झाली तर शाई खरवडून दुरुस्त करता येते, पण चूक देवाच्या नावात झाली तर खरवडायचं नाही, तो अख्खा तुकडा बदलायचा आणि जुना जपून पुरायचा. तुकडे शिवायचे ते जनावराच्या स्नायूच्या धाग्यानं. आणि वाचताना पानाला बोट लावायचं नाही, त्यासाठी चांदीची छोटी काठी असते, टोकाला हाताचा पंजा, तिला याद म्हणतात, याद म्हणजे हातच. तोरात, इजिप्तमधून निघताना समुद्र दुभंगल्यानंतरचं जे गाणं आहे ते ३० ओळींत असं लिहितात की शब्द आणि मोकळी जागा विटांच्या बांधकामासारखी एकाआड एक बसते, लांबून बघितलं तर भिंत दिसते. रंग नाही, सोनं नाही, एक चित्र नाही, आणि तरी मी हाताळलेल्या सगळ्या गोष्टींत याच्याइतकं सुंदर पान मला क्वचितच दिसलं.

शाईबद्दल थोडं, कारण माझं निम्मं काम शाईशीच असतं. आपल्या पोथ्यांना काजळाची शाई, ती पाण्याला घाबरते पण कागदाला खात नाही. पश्चिमेकडच्या हिब्रू पुस्तकांत मायफळ, हिराकस आणि डिंक यांची शाई बरीच सापडते, ती पाण्याला तितकी घाबरत नाही पण कागदाला आतून पोखरते, कधी कधी अक्षराच्या जागी अक्षराच्याच आकाराचं भोक पडतं. पूर्वेकडचे लेखक बोरूनं लिहायचे, जर्मनी-फ्रान्सकडचे पिसाच्या लेखणीनं, आणि ते अक्षरात लगेच कळतं, बोरूची अक्षरं सगळीकडे साधारण सारख्याच जाडीची, पिसाची मात्र आडवी जाड आणि उभी एकदम नाजूक.

आता गुंडाळी सोडून पुस्तकाकडे. गुंडाळीत स्वरांच्या खुणा नसतात, नुसती व्यंजनं, म्हणून शब्द कसा उच्चारायचा, कुठं थांबायचं, कुठल्या सुरात म्हणायचं हे पाठ असावं लागतं. गॅलिलीच्या काठी तिबेरियास गावात ९ व्या-१० व्या शतकात काही घराण्यांनी पिढ्यान् पिढ्या हेच काम केलं, अक्षराखाली-वर ठिपके आणि रेघा देऊन उच्चार पक्का केला आणि समासात बारीक टिपा लिहिल्या, की हा शब्द असा संपूर्ण ग्रंथात इतक्या वेळा येतो, हा फक्त इथेच येतो. या टिपांना मासोरा म्हणतात. म्हणजे मजकुराला पहारा बसवला, कोणी नकलताना एक अक्षर बदललं तर समास बोंब मारणार. आणि मग याच पहाऱ्याच्या टिपांचं पुढं काय झालं बघा, लेखकांनी त्या बारीक अक्षरांनाच वळवून वळवून नक्षी केली, वेली, पक्षी, सिंह, कमानी. लांबून चित्र वाटतं, भिंग लावलं की प्रत्येक रेघ म्हणजे वाचता येण्याजोगी ओळ. कॅलिग्राफी सगळ्यांकडे आहे, पण सूक्ष्म अक्षरांचं चित्र करण्याची ही कला खास हिब्रू पुस्तकांत वाढली. ‘चित्रं चालत नाहीत’ याचं एक उत्तर हेच आहे, की त्यांनी अक्षरांतूनच चित्र काढलं.

या तिबेरियासच्या परंपरेतलं सगळ्यात मोठं पुस्तक म्हणजे आलेप्पो कोडेक्स (कोडेक्स म्हणजे गुंडाळी नव्हे, शिवलेलं पुस्तक), साधारण ९३० च्या सुमाराचं, खुणा आणि मासोरा आहरोन बेन आशेरच्या हातचा. मायमॉनिडीझ या १२ व्या शतकातल्या मोठ्या ज्यू धर्मपंडितानं इजिप्तमध्ये बसून नियम लिहिताना प्रमाण मानलं ते हेच पुस्तक. नंतर ते सीरियातल्या आलेप्पोला गेलं, शतकानुशतकं सिनेगॉगच्या पेटीत कुलुपात राहिलं, आणि १९४७ च्या डिसेंबरात दंगलीत सिनेगॉग जाळलं गेलं. पुस्तक १९५८ मध्ये जेरुसलेमला पोचलं ते अर्धंमुर्धं, अंदाजे ४९० पानांपैकी २९५ च्या आसपास शिल्लक, तोराचा तर जवळजवळ सगळा भाग गेलेला. उरलेल्या पानांच्या कडांना जांभळट-तपकिरी डाग आहेत आणि कितीतरी वर्षं सगळे समजत होते की ही आगीची होरपळ. पुढे संवर्धनाचं काम करताना तपासलं तर ती आग नव्हतीच, बुरशी होती. हे मी प्रत्येक शिकाऊ मुलीला सांगते. डाग बघून आपण लगेच गोष्ट रचतो, पण डाग आधी तपासायचा असतो, आणि जो पुसून टाकला तो तपासता येत नाही.

आता खरोखरच्या चित्रांकडे येऊ, कारण तुम्ही ऐकलंय ते पूर्ण खरं नाही. पूजेसाठी मूर्ती नको यावर दुमत नाही, पण पुस्तकात, त्यातही घरी वापरायच्या पुस्तकात, बऱ्याच ठिकाणी बरंच चालायचं. आणि घरी वापरायचं पुस्तक म्हणजे मुख्यतः हगादाच, वल्हांडणाच्या रात्री जेवणाच्या पाटाशी-टेबलाशी बसून मोठ्यानं वाचायची, मुलं जागी राहावीत म्हणून चित्रं असलेली. दक्षिण जर्मनीत १३०० च्या सुमारास केलेली एक हगादा आहे, तिच्यात माणसांना पक्ष्यांची डोकी आहेत, चोची, पिसं, आणि त्यावर यहुदी टोप्या. असं का यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही, माणसाचा चेहरा टाळायचा होता असं बरेच म्हणतात. स्पेनमध्ये मात्र सरळ माणसांचे चेहरे. ला कोरुन्या गावात १४७६ मध्ये पूर्ण झालेलं एक बायबल आज ऑक्सफर्डच्या बॉडलियन लायब्ररीत आहे, लेखक मोशे इब्न झबारा, चित्रकार योसेफ इब्न हय्यिम, आणि या योसेफनं शेवटी आपली सही अख्खं पान भरून केलीय, एकेक अक्षर उघड्या माणसांचं, माशांचं, पक्ष्यांचं. हे पुस्तक झालं आणि १६ वर्षांनी, १४९२ मध्ये, स्पेनमधून सगळ्या ज्यूंना हाकलून दिलं. त्या सहीचे रंग अजून ताजे आहेत आणि मला ते पान शांतपणे बघवत नाही.

साराजेव्हो हगादा तुम्ही ऐकली असेल. १३५० च्या आसपास स्पेनमध्ये केलेली, सुरुवातीला पानंच्या पानं चित्रं, सृष्टीच्या निर्मितीपासून. तीही अशीच घालवून दिलेल्या माणसांबरोबर निघाली, १६०९ मध्ये इटलीत होती हे नक्की, कारण चर्चच्या तपासनीसानं तिच्यावर आपली सही आणि साल घातलंय. म्हणजे ज्या माणसाचं काम आक्षेपार्ह पुस्तकं वेगळी काढायचं, त्याच्याच सहीमुळं आज आपल्याला तिचा रस्ता कळतो. १८९४ मध्ये साराजेव्होच्या म्युझियमनं एका ज्यू कुटुंबाकडून ती विकत घेतली. १९४२ मध्ये नाझी अधिकारी ती मागायला आला तेव्हा तिथल्या दर्विश कोरकुत या मुसलमान ग्रंथपालानं ती लपवून बाहेर काढली, डोंगरातल्या एका गावात मशिदीत ठेवली होती असं सांगतात. १९९२ ला शहराला वेढा पडला तेव्हाही ती वाचली, बँकेच्या तिजोरीत ठेवली होती. आणि या एवढ्या मोलाच्या पुस्तकाच्या पानांवर वाइनचे डाग आहेत. सोनं चढवलेलं, निळा रंग महागातला, आणि तरी कुणीतरी ते जेवताना समोर ठेवून वापरलं, पोरांनी हाताळलं. ते डाग कुणी पुसले नाहीत, पुसणार पण नाहीत.

एक गोष्ट मला फार जवळची वाटते. युरोपात बाकीची पुस्तकं मठांत, मोठ्या लेखनशाळांत तयार व्हायची, हिब्रू पुस्तकांना तसा आसरा नव्हता, आणि मध्ययुगातली निम्मी तरी हिब्रू हस्तलिखितं माणसांनी स्वतःसाठी स्वतःच नकलून घेतलेली आहेत. शिकायचंय, पुस्तक नाही, पैसे नाहीत, मग बसा आणि लिहून काढा. त्यामुळं शेवटच्या पानावर लेखक मोकळेपणानं बोलतात. जर्मनीकडचे लेखक शेवटी लिहायचे, लेखकाला काही इजा न होवो, याकोबानं स्वप्नात बघितलेल्या शिडीवर गाढव चढेपर्यंत न होवो. येमेनमध्ये मिरियम नावाची एक लेखिका होती, बेनाया लेखकाच्या घरातली, तिनं लिहून ठेवलंय की यात चुका सापडल्या तर मला दोष देऊ नका, अंगावर पाजणारं मूल आहे. रोममध्ये १३ व्या शतकाच्या अखेरीस पाओला नावाची बाई अशीच नकला करत होती. मी स्वतः मुलगी लहान असताना एका हातानं तिला धरून दुसऱ्या हातानं खळ ढवळलीय, त्यामुळं मिरियमची ती ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा माझे डोळे भरून आले.

छापील पुस्तकांना लोक कमी समजतात पण तालमूदचं, म्हणजे ज्यू धर्मनियमांवरच्या चर्चांच्या ग्रंथाचं, एक पान उघडून बघा. मधोमध मूळ मजकूर, मिश्ना म्हणजे नियम आणि गेमारा म्हणजे त्यांवरची चर्चा, शिवणीच्या बाजूला राशी नावाच्या पंडिताचं भाष्य, बाहेरच्या बाजूला त्याच्या नातवांनी आणि त्यांच्या शिष्यांनी घेतलेले आक्षेप, आणि त्याच्याही बाहेर आणखी पुढच्या शतकांतले लोक. राशी ११०५ मध्ये फ्रान्समध्ये वारला, मधला मजकूर त्याच्या कितीतरी आधी बाबिलोनियात तयार झाला, आणि सगळे एकाच पानावर वाद घालत बसलेत. आपल्याकडे टीकेवर टीका असते ना, मध्ये मूळ श्लोक आणि वर-खाली भाष्य, त्रिपाठ पोथी ज्यांनी बघितलीय त्यांना हे लगेच ओळखीचं वाटेल. पहिलं संपूर्ण तालमूद छापलं डॅनियल बॉम्बर्गनं व्हेनिसमध्ये, १५२० ते १५२३, आणि तो स्वतः ख्रिश्चन होता, अँटवर्पचा. त्यानं पानांना जे आकडे दिले तेच आज जगात सगळीकडे चालतात, पृथ्वीच्या कुठल्याही टोकाला अमुक पान म्हटलं की तेच पान उघडतं.

आणि याच पुस्तकाला सगळ्यात जास्त जाळलंय. पॅरिसमध्ये १२४२ मध्ये २४ गाड्या भरून हस्तलिखितं जाळली. रोममध्ये १५५३ ला भर चौकात, आणि ते पण मुद्दाम ज्यूंच्या नववर्षाच्या दिवशी. छपाईच्या आधीचं जवळपास पूर्ण म्हणावं असं तालमूदचं हस्तलिखित आज जगात एकच आहे, १३४२ मध्ये लिहिलेलं, म्युनिकमध्ये. जी जाळली नाहीत त्यांच्यात ओळींवर काळं फासलं. मी अशी पानं हाताळलीयत, आणि त्यात एक गोष्ट बघायला मिळते, काळं फासायची शाई बरेचदा सुमार असायची, ती काळाबरोबर विटून तांबूस झाली आणि खालची छापील अक्षरं पुन्हा वाचता येतात. तिथंही मी काही पुसत नाही. ते काळं फासणं सुद्धा त्या पुस्तकाचाच भाग आहे आता.

गेनिझाबद्दल सांगितल्याशिवाय हे पुरं होणार नाही. देवाचं नाव असलेला कागद फेकायचा नाही, जाळायचा नाही, म्हणून जुने झालेले कागद सिनेगॉगच्या एका बंद खोलीत टाकत राहायचं आणि मग पुरायचं, अशी पद्धत. आपण जीर्ण पोथी नदीत सोडतो त्याच भावनेतलं. कैरोच्या बेन एझ्रा सिनेगॉगमध्ये टाकत राहिले पण पुरायचं राहून गेलं, आणि इजिप्तच्या कोरड्या हवेनं हजार वर्षांचं सांभाळलं. १८९६ मध्ये ॲग्नेस लुईस आणि मार्गारेट गिब्सन या जुळ्या बहिणींनी आणलेलं एक पान केंब्रिजच्या सॉलोमन शेख्टर या अभ्यासकानं ओळखलं, तो कैरोला गेला, आणि आज एकट्या केंब्रिजमध्ये साधारण १,९३,००० तुकडे आहेत. त्यात मायमॉनिडीझच्या स्वतःच्या हातचे कागद आहेत आणि पोरांच्या बाराखडीची पानं पण आहेत, अक्षरांत रंग भरलेली. आणि आपल्या किनाऱ्यावरची पत्रं आहेत, अब्राहाम बेन यिजू नावाचा व्यापारी १२ व्या शतकात मंगळूरला राहत होता, आशू नावाच्या तिथल्याच बाईशी त्यानं लग्न केलं, आणि एडनचे त्याचे मित्र सामानाबरोबर त्याला कागद पाठवायचे, कारण इकडं लिहायला चांगला कागद मिळत नव्हता. मंगळूरला पावसाळ्यात कागद सांभाळणं काय असतं ते मला माहितीय, त्यामुळं त्या पत्रांचं मला जास्तच अप्रूप.

आता मुंबईकडे. २०२३ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कला एक हिब्रू बायबल ३ कोटी ८१ लाख डॉलरला गेलं, कोडेक्स ससून, ९ व्या शतकाच्या अखेरचं किंवा १० व्याच्या सुरुवातीचं, ३९६ पानं चर्मपत्राची, वजन १२ किलोच्या आसपास, आता ते तेल अवीवच्या म्युझियममध्ये आहे. ज्याच्या नावानं ते ओळखलं जातं तो डेव्हिड सॉलोमन ससून मुंबईत जन्मलेला, १८८० साली, काळा घोड्याच्या लायब्ररीला ज्याचं नाव आहे त्या डेव्हिड ससूनचा नातू. आई फ्लोरा, नवरा गेल्यावर मुंबईतला धंदा स्वतः चालवणारी आणि शास्त्रात भल्याभल्यांना पुरून उरणारी. असं सांगतात की लहानपणी मुंबईत यानं आपला पतंग देऊन एक दुर्मीळ छापील पुस्तक घेतलं आणि तिथून त्याचा संग्रह सुरू झाला. हे बायबल त्यानं १९२९ मध्ये ३५० पौंडांना घेतलं होतं, आणि १९३२ मध्ये आपल्या हस्तलिखितांची दोन खंडांची सूची छापली, ती मी अजूनही कामासाठी उघडते.

पण तुमच्या ट्रंकेतलं पुस्तक ससूनच्या घरातलं नाही, ते कोकणातून आलेल्या बेने इस्रायलींचं आहे, आणि मला विचाराल तर माझा जीव तिथं जास्त अडकतो. या लोकांनी शतकानुशतकं कोकणात तेल गाळलं, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून शनवार तेली म्हणवून घेतलं, सण पाळले पण मराठी नावांनी, योम किप्पुरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपासाच्या दिवसाला, दारफळणीचा सण म्हणायचे. पुस्तक फारसं जवळ नव्हतंच. १९ व्या शतकात हिब्रू शिकायची सोय झाली, आणि १८४६ मध्ये मुंबईत शिळाछापावर मराठी अर्थासकट हगादा निघाली, १८७४ मध्ये पुण्यात दुसरी, चित्रांची. पुण्याच्या या हगादेत वल्हांडणाची तयारी दाखवलीय आणि त्यातल्या बायका साड्या नेसून, जमिनीवर बसून बेखमीर भाकरी करतायत. आम्सटरडॅमच्या १६९५ च्या हगादेतली चित्रं दोन-दोनशे वर्षं जगभर नकलली गेली, तशी नक्कल पुण्यात पण खपली असती, पण कुणीतरी ठरवलं की बायबलातल्या सारा आणि रिबेका आपल्या घरातल्यासारख्या दिसू देत. तुमची प्रत हीच आहे का ते आधी बघा, सुरुवातीच्या पानांवर साल सापडेल, हिब्रू पुस्तक उजवीकडून उघडतं तेव्हा मुखपृष्ठ शोधताना उलट्या बाजूला जाऊ नका.

आणि आता ते डाग. वल्हांडणाच्या रात्री इजिप्तवर आलेली दहा संकटं एकेक करून म्हणतात आणि प्रत्येकाला पेल्यातला एकेक थेंब बाहेर टाकतात, दुसऱ्याच्या दुःखावर आपला पेला भरलेला नको म्हणून. त्यामुळं जगातली कुठलीही वापरलेली हगादा माझ्याकडे आली की मी आधी ते पान उघडते, बहुतेक वेळा सगळ्यात डागाळलेलं तेच असतं. फरक इतकाच की तुमच्या घरातला डाग वाइनचा नसणार, बेने इस्रायली घरात काळ्या मनुका भिजवून, कुस्करून केलेला शरबत असतो, त्याचा डाग तपकिरी येतो आणि हात लावला तर किंचित चिकट लागतो. म्हणजे आजीच्या हातचा, किंवा आजीच्या आजीच्या. हे मी साबणानं धुऊन टाका असं कसं सांगू?

फक्त त्या शरबतात साखर आहे आणि साखरेला कसर लागते, एवढं मात्र बघावं लागेल. पान पांढऱ्या कागदावर धरून हळूच उघडा, बारीक भुकटी पडली, किंवा ओरखडल्यासारखे पातळ चट्टे दिसले तर कीड चालू आहे, मग पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून बाकीच्या पुस्तकांपासून लांब ठेवा आणि संवर्धकाला दाखवा. डांबराच्या गोळ्या नकोत. सेलोटेप तर अजिबात नको, मृत समुद्राजवळ सापडलेल्या दोन हजार वर्षं जुन्या गुंडाळ्यांचे तुकडे १९५० च्या दशकात अभ्यासकांनी चिकटपट्टीनं जोडले होते, ती पट्टी आणि तिचा चिकटा काढायला नंतरच्या संवर्धकांची वर्षं गेली. फेव्हिकॉल नको. आणि लॅमिनेशन नको, एकदा माझ्याकडे एक घर १९ व्या शतकातला केतुबा, म्हणजे लग्नाचा करार, घेऊन आलं होतं, समासात हातानं काढलेली फुलं, आणि कुणाच्या तरी सांगण्यावरून गरम लॅमिनेशन करून आणलेला. मी तीन महिने प्रयत्न केला, फुलांचा रंग प्लास्टिकबरोबर गेला. त्या घरातल्या काकू माझ्यासमोर बसून रडल्या आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं.

शिवण सुटलीय ती दुरुस्त होऊ शकते, पण जुनी भोकं वापरून, जुन्याच फर्म्यांना, म्हणजे घडी घालून एकत्र शिवलेल्या पानांच्या जुड्यांना, हात न लावता, फाटलेल्या कडांना जपानी टिश्यू आणि गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ, जी पुढं कधीही पाण्यानं सोडवता येते. साधा बाइंडर चांगल्या मनानं कडा मशीनवर कापून सरळ करेल आणि त्यात समासात लिहिलेलं काहीतरी कायमचं जाईल. जुन्या पुठ्ठ्याच्या आत, कोऱ्या पानावर, जन्म-मृत्यूच्या तारखा, कोणाला कधी भेट दिलं, असं लिहिलेलं असतं बरेचदा, मराठीत, कधी मोडीत. तो पुठ्ठा कितीही फाटका असला तरी टाकू देऊ नका.

ठेवायला माळा नको, बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं लोखंडी कपाट पण नको, पावसाळ्यात ठाण्याला त्या भिंती घामेजतात. घराच्या मधल्या खोलीत, लाकडी कपाटात, आम्लरहित पुठ्ठ्याच्या डब्यात आडवी. फोटो मोबाइलनं काढले तरी चालतील, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश नको, पान ताणून सपाट करायचं नाही, जेवढं उघडेल तेवढंच. यंदाच्या वल्हांडणाला त्या फोटोंचे प्रिंट काढून वाचा, आणि घरात अजून कोणी म्हातारं माणूस असेल तर मूळ पुस्तक त्यांच्यासमोर उशीवर उघडून ठेवा, दहा संकटांच्या पानावर. कुठला डाग कधीचा, कोण कुठं बसायचं, मराठी कोण वाचायचं आणि हिब्रू कोण, ते बोलायला लागतील, तेव्हा साध्या कागदावर पेन्सिलीनं नाव आणि साल उतरवून घ्या, पेननं नको, आणि तो कागद पुस्तकात न घालता डब्यात पुस्तकाच्या खाली ठेवा.